गोणीतला जंतू आणि गोणीतलं औषध

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पाच हजार ब्रॉयलरचं शेड, कंपनीचा करार नाही, सगळी गुंतवणूक स्वतःची. खाद्य बाजारातल्या एका मिलचं, आधी क्रंबल म्हणजे बारीक चुरा आणि मग पेलेट म्हणजे दाबलेल्या गोळ्या. मागच्या बॅचला अठराव्या दिवसानंतर मरतूक वाढली. पोस्टमॉर्टेममध्ये हृदयावर आणि यकृतावर पांढरट पापुद्रा दिसला. प्रयोगशाळेत ई-कोलाय निघाला आणि एन्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, कोट्रायमॉक्सॅझोल या सगळ्यांपुढे ‘आर’ आला, म्हणजे जंतू यातल्या कशालाच दाद देत नाही. पिलं देणारा खाद्याकडे बोट दाखवतो. मिलवाला म्हणतो, आमचं खाद्य वाफेवर शिजतं, त्यात जंतू जगूच शकत नाही. तुम्ही विचारताय की खरं कोणाचं, आणि खाद्य तपासायला कुठे द्यायचं.

खरं दोघांचंही अर्धंच आहे. खाद्यातून असे जंतू येऊ शकतात. पण तुमच्या शेडमधल्या ई-कोलायचं मूळ मी आधी दुसरीकडे शोधेन. आणि मिलवाल्याला ‘तुझ्या गोणीत जंतू आहेत का’ हे विचारण्याआधी ‘तुझ्या गोणीत औषध कोणतं आहे’ हे विचारेन.

आधी मिलवाल्याचं म्हणणं पाहू. पेलेट करण्याआधी भरडा कंडिशनरमध्ये जातो, तिथे वाफ सोडतात. तापमान साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअस आणि तिथला मुक्काम बऱ्याच मिलमध्ये मिनिटभराचाही नसतो. ओलावा नीट असेल तर एवढ्यात साल्मोनेला आणि ई-कोलाय बहुतांशी मरतात. इथवर त्याचं बरोबर आहे. गडबड पुढे होते. गरम पेलेट कूलरमध्ये पडतं आणि कूलर मिलमधलीच हवा ओढून त्याला थंड करतो. त्याच हवेत कच्च्या मालाची धूळ असते. कूलरच्या आतल्या भिंतीला पाण्याचे थेंब धरतात, त्यावर भुकटी चिकटते आणि महिनोन्महिने तशीच राहते. म्हणजे वाफेवर मारलेला जंतू पुढच्या दहा फुटांत परत बसू शकतो. पेलेटचाच चुरा करून क्रंबल होतं, तेव्हा तो रोलरही यात धरा. मॅश म्हणजे नुसता भरडा घेणाऱ्यांचा तर प्रश्नच वेगळा, मॅशला उष्णता लागतच नाही. गावातल्या चक्कीवर मका भरडून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोरड्या खाद्यात साल्मोनेला वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्महिने तसाच पडून राहतो आणि पक्ष्याच्या आतड्यात गेला की जागा होतो. याचं जुनं उदाहरण पेरू देशातल्या फिशमीलचं, म्हणजे सुक्या मासळीच्या पुडीचं आहे. १९७०च्या आसपास तिथून निर्यात झालेल्या फिशमीलमधून साल्मोनेला अगोना हा तोवर क्वचित दिसणारा प्रकार अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि इस्रायल इथल्या कोंबड्यांत पोचला आणि तिथून माणसांत. १९७२ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लोक आजारी पडले तेव्हा माग काढत काढत तपास या फिशमीलपर्यंत गेला. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल म्हणाल, तर पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २००७ साली कोंबडीखाद्य आणि त्याचा कच्चा माल तपासून प्रसिद्ध केलेल्या कामात ई-कोलाय आणि एन्टेरोकॉकस हा आतड्यातलाच आणखी एक जंतू, दोन्ही सापडले होते, आणि त्यातल्या काहींवर टेट्रासायक्लिनसारखी औषधं चालत नव्हती. तेव्हा ‘खाद्यात जंतू जगूच शकत नाही’ हे विधान कुठल्याही मिलवाल्याने करू नये. फिशमील, एमबीएम म्हणजे मांस-हाडांची पूड, आणि सोया डीओसी म्हणजे तेल काढलेली सोयापेंडसुद्धा: कच्च्या मालात संशय घ्यायचा तर याच क्रमाने घ्या.

मग मी मूळ दुसरीकडे का शोधतो? कारण ई-कोलायला तुमच्या शेडमध्ये यायला खाद्याची गरजच नाही. तो पिलाबरोबर हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून येतो, मागच्या बॅचला खाली अंथरलेल्या तुसातून येतो, निपलच्या म्हणजे पाणी पिण्याच्या तोट्यांच्या पाइपातल्या बुळबुळीत थरातून येतो, उंदराच्या लेंडीतून आणि तुमच्या चपलेतूनही येतो. निरोगी कोंबडीच्या आतड्यातही तो असतोच. या सगळ्यापुढे पेलेटच्या ग्रॅममागे येणारे मूठभर जंतू ही फार छोटी आवक आहे. जंतू कुठून आला याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे. शेकडो प्रकारांतून नेमका औषध पचवणाराच वरचढ का झाला, हे कळलं पाहिजे.

याचं उत्तर १९७६ साली छापून आलेल्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान फार्मवर स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिनची कमी मात्रा घातली, वाढीसाठी तेव्हा सर्रास घालत तशी. खाद्यातून जंतू मुळीच दिला नव्हता, फक्त औषध दिलं होतं. आठवडाभरात त्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे झाले. पाच-सहा महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेच्या नमुन्यांतही असे जंतू वाढले. शेजारच्या घरांत मात्र तसं झालं नाही. या विषयावर एकच गोष्ट वाचायची असेल तर मी हीच वाचायला सांगतो, कारण पन्नास वर्षांनंतरही तिच्यात बदलण्यासारखं फारसं काही नाही.

आता तुमच्या रिपोर्टकडे. चार औषधांपुढे ‘आर’ बघून तुम्ही म्हणालात, ‘यातली दोन तर मी कधी वापरलीच नाहीत.’ हे शक्य आहे. या गुणाची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं, एक जंतू ते दुसऱ्याला देऊ शकतो. एकाच कड्यावर टेट्रासायक्लिन, सल्फा, अँपिसिलिन अशा चार-पाच औषधांवरची उत्तरं एकत्र बसलेली असू शकतात. तुम्ही त्यातलं एकच औषध चालू ठेवलं तरी अख्खं कडं टिकून राहतं. म्हणून खाद्यात सीटीसी म्हणजे क्लोरटेट्रासायक्लिन असेल, तर त्याने अँपिसिलिनवरचा ‘आर’ही जपला जातो. काही जंतूंत तांब्याला सहन करण्याचं जनुक अशा गुणांच्या शेजारी बसलेलं आढळलं आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, तो खाद्यात जास्त घालणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

रिपोर्ट वाचतानाची आणखी एक गोष्ट. काही प्रयोगशाळा ई-कोलायवर टायलोसिन, लिंकोमायसिन, बॅसिट्रासिन यांच्याही चकत्या (औषध लावलेले कागदाचे गोल तुकडे) लावतात आणि खाली ‘आर’ छापतात. तो ‘आर’ बघून घाबरू नका. ई-कोलायच्या बाहेरच्या आवरणामुळे ही औषधं त्याच्यावर मुळातच नीट चालत नाहीत. आणि कोलिस्टिनचा निकाल चकतीने काढला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. हे औषध आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरात, नीट पसरत नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रवात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा घालून बघायची पद्धतच लागते.

तर गोणीत औषध कोणतं? टॅग वाचा. तिथे नसेल तर मिलकडून प्रिमिक्सची, म्हणजे खाद्यात मिसळायच्या औषध-जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाची यादी मागा. आपल्याकडे वाढीसाठी किंवा ‘गट हेल्थ’ म्हणजे आतड्याच्या आरोग्याच्या नावाखाली जी नावं फिरतात ती अशी: बॅसिट्रासिन म्हणजे बीएमडी, एनरामायसिन, व्हर्जिनियामायसिन, टायलोसिन फॉस्फेट, लिंकोमायसिन, सीटीसी, हॅल्क्विनॉल. यातली बीएमडी आणि एनरामायसिन ही आतड्यातच राहणारी आणि मुख्यतः क्लॉस्ट्रिडियमसारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर चालणारी. तुमच्या ई-कोलायच्या रिपोर्टचं खापर त्यांच्यावर थेट फोडता येत नाही. पण व्हर्जिनियामायसिन आणि टायलोसिन यांचे सख्खे भाऊ माणसांच्या औषधांत आहेत, म्हणून मी तीही नकोच म्हणतो. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय सीटीसीवर आणि दुसरा तुमच्याच पाण्याच्या टाकीवर.

हो, टाकीवर. पिलं आली की पहिले तीन ते पाच दिवस एन्रोफ्लॉक्सासिन किंवा निओमायसिन-डॉक्सिसायक्लिन पाण्यातून द्यायचंच, ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत रुजली आहे. आजार नसताना दिलेला तो कोर्स. औषध दुकानदार सांगतो, सुपरवायझर सांगतो, शेजारी देतो म्हणून आपणही देतो. हॅचरीत मॅरेक्सच्या लशीबरोबर जेंटामायसिन टोचलं असेल तर औषधाची सुरुवात त्याहूनही आधी झालेली असते. पिलाचं आतडं नुकतं जंतूंनी भरायला लागलेलं असतं, आणि त्याच आठवड्यात आपण ठरवतो की तिथे कोणी राहायचं. अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन २००५ साली बंद केलं. पक्ष्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, आणि सिप्रो हे माणसांचं औषध आहे. आपल्याकडे ते अजून दुकानात सहज मिळतं.

कायद्याचं सांगायचं तर आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी काम झालंय. भारतीय मानक ब्युरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकात, आयएस १३७४ च्या २००७च्या आवृत्तीत, शरीरात शोषली जाणारी अँटिबायोटिकं वाढीसाठी वापरू नयेत अशी शिफारस आहे. पण हे मानक पाळणं ऐच्छिक. कोलिस्टिनवर मात्र केंद्राने जुलै २०१९ मध्ये सरळ बंदी घातली: खाद्यासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्यातली पूरकं, सगळीकडे. मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचीही अशीच दारं बंद झाली. कोलिस्टिनची घाई का झाली हे समजून घ्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं, कोलिस्टिन निकामी करणारं आणि प्लाझ्मिडवर बसून फिरणारं. माणसांच्या अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरल्यावर हेच औषध काढतात. तेच आपण पिलांच्या खाद्यात किलोकिलोने घालत होतो. आजही कोणी ‘इम्पोर्टेड’ म्हणून बिनलेबलची पुडी देत असेल तर ती घेऊ नका, एवढं पुरे.

एका नियमाकडे मात्र फार कमी शेतकऱ्यांचं लक्ष गेलंय. जानेवारी २०१२ पासून औषध नियमावलीच्या ९७ व्या नियमात असं आहे की जनावरांच्या औषधावर विथड्रॉवल काळ, म्हणजे औषध थांबवल्यावर मांस-अंडी-दूध विकण्याआधी थांबायचे दिवस, छापला पाहिजे. आणि त्या औषधाचा असा काळ तपासून ठरलेला नसेल, तर अंडी-दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. आता हिशोब करा. आपली उचल ३५ ते ४२ दिवसांत होते. म्हणजे ज्या औषधावर वेगळा काळ लिहिलेला नाही ते फार तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच देता येतं. फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, असलं औषध असेल तर तो पक्षी वेळेत विकणं नियमाने शक्यच नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ साली दिल्ली परिसरातून ७० कोंबड्यांचे नमुने घेतले, त्यातल्या ४० टक्क्यांत औषधांचे अंश होते. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मिलवाला कदाचित शपथेवर सांगेल की तुमच्या फिनिशरमध्ये त्याने काहीच घातलेलं नाही. तो खोटं बोलत असेल असंही नाही. सकाळी त्याच मिक्सरमधून दुसऱ्या कुणासाठी सीटीसी घातलेली बॅच निघाली असेल, तर मिक्सरच्या तळाशी, माल वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाच्या खोक्यात आणि बिनच्या कोपऱ्यात उरलेली भुकटी तुमच्या मालात येते. मात्रा फार कमी, पक्ष्याला काही कळणार नाही, पण जंतूंची निवड व्हायला कमी मात्राच पुरते. चांगल्या मिल औषधी बॅचनंतर नुसता मका भरडून यंत्र धुऊन काढतात. तुमची मिल तसं करते का हे विचारा आणि उत्तर देताना त्याचा चेहरा बघा.

पंजाबात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ फार्म घेतले होते. ब्रॉयलर फार्मवरच्या ई-कोलायपैकी ८७ टक्के ईएसबीएल बनवणारे निघाले, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला निकामी करणारे. लेअर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मवर हेच प्रमाण ४२ टक्के. लेअरची कोंबडी दीड वर्ष जगते, ब्रॉयलर दीड महिना. दीड महिन्याच्या पक्ष्यात दुप्पट प्रमाण का, याचं माझं उत्तर खाद्य-पाण्यातल्या औषधांकडेच जातं.

बंद केल्याने फरक पडतो का, असा तुमचा पुढचा प्रश्न असणार. पडतो. डेन्मार्कने १९९५ साली अव्होपार्सिन हा वाढीसाठीचा पदार्थ बंद केला. तो माणसांच्या व्हँकोमायसिन या औषधाच्या कुळातला. तिथल्या ब्रॉयलरमधल्या एन्टेरोकॉकस फेसियम या जंतूत व्हँकोमायसिनला न जुमानणारे १९९५ मध्ये ७२.७ टक्के होते, २००० मध्ये ५.८ टक्के उरले. चीनने २०१७ साली खाद्यातून कोलिस्टिन काढलं. कोंबड्यांमधल्या ई-कोलायमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारे दोन वर्षांत १८.१ वरून ५ टक्क्यांवर आले. पण हे देशाचे आकडे आहेत. तुमच्या शेडमध्ये एका बॅचमध्ये असं काही दिसणार नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

उलट सुरुवातीला त्रास होण्याची शक्यता धरून चला. औषधी खाद्य काढलं की काही शेडमध्ये नेक्रोटिक एन्टेरायटिस हा क्लॉस्ट्रिडियममुळे आतडं सडवणारा आजार डोकं वर काढतो, विशेषतः एमबीएम किंवा फिशमील जास्त असेल आणि कॉक्सी म्हणजे कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाचा बंदोबस्त ढिला असेल तर. युरोपने वाढीसाठीची अँटिबायोटिकं २००६च्या सुरुवातीला बंद केली, पण कॉक्सीसाठी सॅलिनोमायसिन-मोनेन्सिनसारखी आयोनोफोर तिथेही चालू राहिली. म्हणून मिलला ‘सगळं काढ’ असं सांगू नका. कॉक्सीचं औषध राहू दे, सीटीसी आणि टायलोसिन काढ, असं सांगा. प्रोबायोटिक, ऑरगॅनिक अ‍ॅसिड यांचा उपयोग होतो, पण त्यांच्या पत्रकात लिहिलेला अर्धा समजा.

आता मुख्य काम, आणि ते खाद्यात नाही. अठराव्या दिवसानंतर पापुद्रा दिसतो तेव्हा ई-कोलाय बहुधा मागून आलेला असतो. पुढे रानीखेत, आयबी (श्वासनलिकेचा विषाणूजन्य आजार), मायकोप्लाझ्मा किंवा साधा अमोनिया असतो. श्वासनलिका आधी खरवडली जाते, मग हा आत शिरतो. शेडमध्ये गेल्यावर उभं राहून वास घेऊ नका. पक्ष्याच्या उंचीवर खाली बसा आणि दहा श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया २५ पीपीएमच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. तुमचं नाक तर रोजच्या सवयीने मेलेलं असतं, बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. पडदे रात्रभर घट्ट बांधून ठेवायची सवय हिवाळ्यात बरीच पिलं मारते. मूठभर तूस दाबून बघा, गोळा झाला तर तो बदला किंवा हलवून चुना मारा. 

पाण्याला क्लोरीन घालता म्हणालात, पण मोजता कुठे? टाकीत मोजून उपयोग नाही. शेवटच्या निपलला मुक्त क्लोरीन २-३ पीपीएम मिळालं पाहिजे, आणि पाण्याचा पीएच आठच्या वर असेल तर क्लोरीन असून नसल्यासारखं. आधी अ‍ॅसिडने पीएच खाली आणा. पाण्यातून लस द्यायची असेल तेव्हा मात्र क्लोरीन आधी बंद करायला विसरू नका. बॅच गेल्यावर पाइपलाइन हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन जोराने फ्लश करा आणि शेड निदान चौदा दिवस रिकामं ठेवा. भाव तेजीत असतो तेव्हा सहा दिवसांत पिलं टाकायचा मोह मला कळतो. तुसातल्या जंतूला मात्र तेजी-मंदी नसते.

गोण्यांबद्दल एक. रिकाम्या गोण्या परत मिलला विकून तिथे पुन्हा भरतात, ही पद्धत तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा. एका फार्मची विष्ठा-धूळ दुसऱ्या फार्मवर पोचवायला याहून स्वस्त वाहन नाही. गोण्या लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब रचा, उंदरांचा बंदोबस्त करा.

घरच्यांची काळजी तुम्ही विचारली आहे. चांगलं शिजवलेल्या कोंबडीत हा जंतूही इतरांसारखाच मरतो, औषधाला दाद देत नाही म्हणून तो उष्णतेला टिकत नाही. धोका आहे तो कच्चं मांस हाताळताना आणि शेडमधून येऊन तसंच जेवायला बसताना. शेडची चप्पल शेडमध्येच ठेवा. कोंबडखत ताजं ताजं कोथिंबीर-मेथीत टाकू नका, ढीग लावून, ओलावा राखून, उलथून नीट तापू द्या आणि मग वापरा.

तपासणीचं शेवटी. खाद्याच्या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. जंतूंची तपासणी म्हणजे साल्मोनेला, ई-कोलाय आणि त्यांची संवेदनशीलता. औषधाच्या अंशांची तपासणी वेगळी, ती एलसी-एमएसएमएस यंत्रावर होते, महाग असते आणि अन्न तपासणाऱ्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा करतात. पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर ही औषधाच्या अंशांचीच करा, फिनिशरची, आणि त्यात टेट्रासायक्लिन गट आणि फ्लुओरोक्विनोलोन गट मागा. जंतूंसाठी पुण्याला औंधची पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा, किंवा शिरवळ, परळ, नागपूर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं. नमुना उघड्या गोणीतून घेऊ नका. एकाच लॉटच्या आठ-दहा न उघडलेल्या गोण्यांतून स्वच्छ चमच्याने थोडं थोडं घ्या, निर्जंतुक पिशवीत एकत्र करा, लॉट नंबर आणि तारीख लिहा. हाताने भरू नका, नाहीतर रिपोर्ट तुमच्याच हाताचा येईल. खाद्याबरोबर निपलचं पाणी, जुना तूस आणि आल्याआल्या मेलेली दोन-तीन पिलंही पाठवा. पिलांत पहिल्याच दिवशी तोच ‘आर’ निघाला तर हॅचरीशी बोला. फक्त तुसात निघाला तर ते तुमचं आणि माझं काम. फक्त खाद्यात निघाला तर मिलवाल्याकडे जा आणि कूलर उघडून दाखवायला सांगा.

मागच्या बॅचचं खाद्य संपलं असेल, त्याचं आता काही करता येणार नाही. पुढच्या बॅचपासून प्रत्येक लॉटचं अर्धा किलो खाद्य टॅगसकट सीलबंद करून थंड, कोरड्या जागी ठेवा, पक्षी विकले जाईपर्यंत. आणि पिलं यायच्या आधी पहिल्या पाच दिवसांचा तो कोर्स रद्द करा. पिलं चांगली असतील, ब्रूडिंगला, म्हणजे पहिल्या दिवसांत पिलं उबेत ठेवतात तेव्हा, ऊब नीट असेल, तर त्याची गरज नसते. सातव्या दिवसापर्यंतची मरतूक रोज लिहून मला कळवा, एक टक्क्याच्या वर गेली तर औषधाआधी पोस्टमॉर्टेम करू.